गुंजभर सोनं आणि पन्नास कप

माझ्याकडे मातीची भांडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सोन्याची बाटली बघायची असते. बाटली म्हणजे करंगळीच्या पेराएवढी कुपी, दोन ग्रॅमची. आत काकवीसारखा दाट तपकिरी द्रव. झाकण उघडलं की टर्पेंटाइन आणि लव्हेंडरच्या तेलाचा उग्र वास येतो. पिवळं काहीच दिसत नाही. मग मी शेजारी भाजलेला कप ठेवते, ज्याच्या काठावर हाच द्रव लावून तो सातशे अंशांच्या वर तापवलेला असतो. काठ आरशासारखा लखलखत असतो आणि त्यात बघणाऱ्याचं नाक दिसतं. तेव्हा कुठे विश्वास बसतो.

मी सोनाराची मुलगी. बाबांची पेढी कोल्हापूरच्या गुजरीत होती, आजोबांचीही तिथेच. आमच्या घरात सोनं गुंजेत मोजलं जायचं, अगदी ग्रॅमचे काटे आले तरी बाबांच्या तोंडी गुंज, मासा, तोळाच असायचं. मी मात्र मातीकडे वळले. स्टोनवेअरची, म्हणजे दगडासारखी कठीण भाजलेली भांडी करते: कप, वाट्या, चहाच्या किटल्या, सुरया. मातीत सोनं आणायचं असं काही ठरवून सुरुवात केली नव्हती. पण एकदा ते हातात आल्यावर मला वाटायला लागलं की या दोन्ही कामांबद्दल लिहू शकतील अशी फार माणसं नसतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या कुपीत काय असतं ते सांगते. शुद्ध सोनं अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवतात. हे बाबांना नवीन नव्हतं, सोनं शुद्ध करायला सोनार तेच करतात. त्या द्रावणातलं सोनं पुढे गंधकाशी संयोग पावलेल्या टर्पेंटाइनसारख्या तेलाशी बांधलं जातं. तयार होतं ते तेलात मिसळणारं, ब्रशनं लावता येणारं सोन्याचं संयुग. त्यात थोडं रोडियम घालतात, कारण ते नसेल तर भट्टीत सोन्याचा पापुद्रा तुटून त्याचे बारीक मणी होतात. थोडं बिस्मथ असतं, ते सोन्याला ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, घट्ट धरून ठेवतं. एकूण वजनात सोनं साधारण आठ ते बारा टक्के. बाकी सगळं तेल आणि राळ, जे भट्टीत जळून जातं. कुंभारकाम करणाऱ्यांत याला ‘ब्राइट गोल्ड’ किंवा सरळ ‘गोल्ड लस्टर’ म्हणतात.

बाबांना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“शंभरात दहा? आणि नव्वद हीण?”

“हीण नाही बाबा, तेल. जळून जातं. उरतं ते सोनंच.”

“मग उरतं किती, ते सांग.”

आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. माझ्या कपाच्या तोंडाचा व्यास आठ सेंटिमीटर, म्हणजे काठाचा घेर पंचवीस. पट्टी तीन मिलिमीटर रुंद धरली तर क्षेत्रफळ साडेसात चौरस सेंटिमीटर. भाजल्यावर सोन्याची जाडी एक ते दोन दशांश मायक्रॉन राहते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सोन्याची घनता 19.3. एका कपावर दीड ते तीन मिलिग्रॅम सोनं बसतं. गुंज म्हणजे साधारण 120 मिलिग्रॅम. ब्रशला आणि काचेच्या पाटीला लागून जातं ते सोडलं तरी गुंजभर सोन्यात पन्नासेक कपांचे काठ सहज होतात. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत होते. “नथीतलं एक फुलसुद्धा होणार नाही एवढ्यात,” ते म्हणाले. “आणि तू पन्नास घरं सोन्याची करतेस.”

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. जो पापुद्रा मायक्रॉनच्या दशांशात मोजावा लागतो तो खालचं काहीही झाकू शकत नाही. लोकांना वाटतं, सोनं चढवलं की साधं भांडं खास होतं. होतं उलटंच. ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असेल तर पांढऱ्या कपावर ते कुणाला दिसत नाही, सोन्याखाली मात्र काळा ठिपका म्हणून डोळ्यात भरतं. काठ जरा वाकडा असेल तर सोन्याची रेघ तो वाकडेपणा लांबून दाखवते. चकचकीत ग्लेझवर सोनं चकचकीत येतं, मॅट ग्लेझवर तेच सोनं, तीच कुपी, तीच भट्टी, पण ते मंद, साटिनसारखं येतं. ग्लेझ न लावलेल्या खरखरीत मातीवर लावलं तर माती ते पिऊन टाकते आणि हाती मळकट डाग राहतो. याचा अर्थ सोन्याला स्वतःचं रूपच नाही, ते खालच्या ग्लेझचं रूप घेतं. म्हणून माझ्याकडे सोनं चढवायचे कप आधीच निवडले जातात, आणि निवडताना मी जास्तीत जास्त वेळ घालवते. प्रत्येक काठावरून डोळे मिटून बोट फिरवते. जिथे बोट अडखळतं तो कप सोन्याविना विकला जातो. तोही चांगलाच कप असतो.

माझी भांडी तीनदा भाजली जातात. चाकावरून उतरून वाळलेलं भांडं पहिल्यांदा हजार अंशांच्या आसपास भाजतं, त्याला आम्ही बिस्किट म्हणतो. मग ग्लेझ लावून 1220 ते 1240 अंश. सोनं येतं ते तिसऱ्या वेळी, 700 ते 750 अंशांच्या दरम्यान. त्या तापमानाला कठीण झालेलं ग्लेझ वितळत नाही, पण वरची त्वचा इतकी मऊ पडते की सोनं तिला धरून बसतं. तापमान कमी पडलं तर सोनं दिसायला छान दिसतं पण खोडरबरनं घासलं की निघून येतं. मी प्रत्येक भट्टीतल्या एका कपावर हे करून बघते. जास्त झालं तर सोनं ग्लेझमध्ये बुडतं आणि फिकट, मेलेलं दिसतं. फिरोजाबादला काचेच्या बांगड्यांवर सोनेरी नक्षी करतात तीही द्रवरूप सोन्याची असते. पण काच फार लवकर मऊ पडते, म्हणून तिथे आच याहून बरीच कमी ठेवावी लागते. लग्नातल्या हिरव्या चुड्यावरची सोनेरी नक्षी आणि माझ्या कपाचा काठ एकमेकांचे नातेवाईक आहेत, हे मला फार आवडतं.

सोनं लावायच्या दिवशी मी सकाळी दुसरं काही करत नाही. टेबल पुसून घेते, पंखा बंद करते, कारण हवेतला एक धागा ओल्या सोन्यावर पडला तर भट्टीत तो जळतो आणि जागी पांढरी रेघ राहते. कप स्पिरिटनं पुसते आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवत नाही. बोटाचं तेल काठाला लागलं तर सोन्यात अंगठ्याचा ठसा उमटतो, रेघान् रेघ, आणि तो कायमचा. मग कप बँडिंग व्हीलवर, म्हणजे हातानं फिरवायच्या लहान चाकावर, बरोबर मध्यात बसवते. ब्रश फक्त सोन्यासाठी ठेवलेला, बारीक केसांचा, तो दुसऱ्या कशालाही लागू देत नाही. उजव्या हाताचं मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवते, ब्रशचं टोक काठाला लावते आणि डाव्या हातानं चाक फिरवते. हात हलवायचा नाही, चाक हललं पाहिजे. एका फेरीत रेघ पूर्ण झाली पाहिजे, जिथून सुरू झाली तिथेच मिळाली पाहिजे. थांबलात तर तिथे सोनं जाड होतं, आणि जाड सोनं भट्टीत फुगून त्याला बारीक भेगा पडतात किंवा ते धुरकट येतं. घाई केलीत तर पातळ होतं.

पातळ झालेल्या सोन्याचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. ते जांभळं येतं. सोन्याचे कण अतिसूक्ष्म होऊन विखुरले की ते पिवळे दिसत नाहीत, लाल-जांभळे दिसतात. युरोपात 17 व्या शतकात सोनं आणि कथील यांच्यापासून असाच एक जांभळा रंग करायची रीत प्रसिद्ध झाली, त्याला ‘पर्पल ऑफ कॅशियस’ म्हणतात. 18 व्या शतकातल्या चिनी भांड्यांवर जो गुलाबी रंग दिसतो, तोही सोन्यापासूनच केलेला. म्हणजे ती गुलाबी फुलं रंगवणाऱ्यांच्या हातात सोनंच होतं. मी स्वतः काही वेळा सुरईच्या गळ्यावर मुद्दाम तेल घालून पातळ केलेलं सोनं लावते. काठावर पिवळं, खाली उतरता उतरता जांभूळ, असा रंग येतो. तो दुसऱ्या कशानंही येत नाही.

पावसाचं काय करायचं, हा कोल्हापुरातला मोठा प्रश्न. आषाढ-श्रावणात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात. भांड्यावर दमटपणाची नजरेला न दिसणारी झिलई असेल तर सोनं तिथे धरत नाही, भाजल्यावर बारीक पांढरे ठिपके उठतात. आणि गिऱ्हाइकांना सोनेरी कप हवे असतात ते दसरा-दिवाळीला. म्हणजे सोनं चढवायचं ते भाद्रपदात, अर्ध्या ओल्या हवेत. यावर मी काढलेला मार्ग साधा आहे: आदल्या रात्री कप भट्टीत ठेवून सव्वाशे अंशांपर्यंत तापवायचे, सकाळी किंचित कोमट असतानाच बाहेर काढायचे आणि दार लावून काम उरकायचं. कोमट कपावर तेल जरा जास्त पसरतं, म्हणून ब्रशवर कमी द्रव घ्यावा लागतो. पावसाळी प्रदेशात हे काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन.

भट्टी लावल्यावर पहिले चारशे अंश सगळ्यात महत्त्वाचे. तेल आणि राळ याच टप्प्यात जळते, धूर निघतो, आणि त्याला बाहेर जायला वाट लागते. झाकण बोटभर उघडं, वरची भोकं मोकळी, आच तासाला शंभर अंशांच्या पुढे न्यायची नाही. धूर आत कोंडला तर सोन्यावर मळभ बसतं आणि ते जात नाही. हा धूर शरीराला वाईट आहे, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी बजावते. सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवा, कापडी मास्कचा उपयोग नाही. हातमोजे हवेत. भट्टी माजघरात, स्वयंपाकघराशेजारी, मुलं झोपतात त्या खोलीलगत नको. इन्स्टाग्रामवर सोन्याची रेघ ओढतानाचे सुंदर व्हिडिओ असतात, त्यात उघड्या हातांनी, बंद खोलीत काम चाललेलं दिसतं, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. बाबांच्या पिढीनं पाऱ्याचा मुलामा बघितला होता. सोनं पाऱ्यात कालवायचं, वस्तूला फासायचं, आणि आगीवर पारा उडवून द्यायचा. तो करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरायचे, दात पडायचे. बाबा ते सांगताना आवाज खाली आणायचे. सोनं चढवण्याच्या कामात विष वाफेत असतं, हे मला घरातूनच माहीत होतं.

युरोपातही 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात भांड्यांवर पाऱ्याचंच सोनं चढवू लागले होते. त्याच्याआधीची रीत मात्र मला फार जवळची वाटते. सोन्याचा वर्ख मधात खलायचा, पुष्कळ खलायचा, मग पाण्यानं मध धुऊन काढायचा, खाली बसलेली सोन्याची पूड ब्रशनं भांड्यावर लावायची, मंद आचेवर भाजायची आणि अकिकानं घासून चमकवायची. फ्रान्समधल्या सेव्रच्या भांड्यांवर असं सोनं आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळाला सहाणेवर सोनं उगाळून मधातून चाटवतात, तोच मध आणि तेच सोनं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सलीनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांची दालनं आहेत, तिथे काचेला नाक लावून बघा: जुन्या सोन्याला एक जाडी असते, ते रंगापेक्षा उंच उठलेलं असतं आणि त्याची चमक खोल, किंचित मऊ असते. ती चमक कुपीतल्या सोन्याला नाही, हे मी मान्य करते.

कुपीतलं सोनं आलं जर्मनीतल्या माइसन इथून. तिथल्या पोर्सलीनच्या कारखान्यात हाइनरिख क्यून यांनी 1827 च्या सुमारास हे चमकतं द्रवरूप सोनं तयार केलं. त्याचं मोठेपण असं की ते भट्टीतून चमकतच बाहेर येतं, घासावं लागत नाही, आणि सोनं लागतं अगदी थोडं. तोवर सोन्याचा काठ राजेरजवाड्यांच्या टेबलावर होता, तो यानंतर साध्या घरात आला. आपल्या घरांतल्या शोकेसमधले ‘पाहुण्यांचे कप’, पांढरे, गुलाबाच्या फुलाचे, सोनेरी काठाचे, ते या शोधामुळे. आमच्याकडे आजीच्या वेळचे त्यातले दोन शिल्लक आहेत. एकाच्या काठावरचं सोनं कानाच्या डाव्या बाजूला झिजलंय आणि दुसऱ्याचं उजव्या बाजूला. उजव्या हातानं कान धरला की ओठ एका बाजूला लागतात, डाव्यानं धरला की दुसऱ्या. आजोबा डावखुरे होते. कुणी किती वर्षं त्यातून चहा प्यायला ते काठावर लिहिलेलं आहे, आणि काठावर सोनं नसतं तर हे कधीच दिसलं नसतं.

सोन्यासारखं दिसणारं सगळं सोनं नसतं, आणि त्यातलं काही सोन्याहून सरस आहे. 9 व्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी चांदी आणि तांब्याची संयुगं गेरूसारख्या मातीत कालवून भाजलेल्या ग्लेझवर नक्षी काढली, आणि धुराच्या, प्राणवायू कमी असलेल्या भट्टीत ती पुन्हा मंद भाजली. वरची माती पुसून टाकली की खाली धातूचा झळाळ. यात सोन्याचा कणही नाही. ही विद्या पुढे इजिप्तला, इराणमधल्या काशानला, स्पेनला गेली. काशानच्या कुंभारघराण्यातल्या अबुल कासिम यांनी 1301 साली हिची कृती लिहून ठेवली आहे. नीट भाजलेलं भांडं तांबड्या सोन्यासारखं आणि सूर्यप्रकाशासारखं झळकतं, असं ते म्हणतात. आमच्या कुपीतलं सोनं ग्लेझच्या वर बसतं, ही झळाळी ग्लेझच्या त्वचेतच मुरलेली असते. कप जरा फिरवला की ती हिरवी, निळी, तांबडी होते.

या झळाळीच्या मागे लागलेल्या एका बाईंचं नाव इथे घेतलंच पाहिजे. बिअॅट्रिस वुड, जन्म 1893, अमेरिकेतल्या. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींची व्याख्यानं ऐकायला त्या हॉलंडला गेल्या होत्या, तिथे त्यांनी झळाळत्या ग्लेझच्या जुन्या बश्या विकत घेतल्या. त्या बश्यांना शोभेल अशी किटली कुठे मिळेना, तेव्हा ती आपणच करावी म्हणून 1933 मध्ये हॉलिवूड हायस्कूलमधल्या कुंभारकामाच्या वर्गात नाव घातलं. चाळिशीत. पुढे कृष्णमूर्ती राहत त्या ओहाय गावातच त्या स्थायिक झाल्या. भारतात आल्या, आणि नंतर आयुष्यभर साडी नेसून, चांदीचे दागिने घालून चाकावर बसत राहिल्या. 105 वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत काम करत होत्या. त्यांच्या पेल्यांचे फोटो पाहिले की कळतं, त्यांना गुळगुळीतपणा नको होता. खडबडीत, फोड आलेलं ग्लेझ आणि त्यावर समुद्राच्या तळातून काढल्यासारखी झळाळी. मी काठ तपासत डोळे मिटून बोट फिरवते, त्या ते मुळीच करत नसाव्यात असं भांड्यांवरून वाटतं. तरी नियम तोच राहतो: त्यांच्याकडेही धातू खालच्या त्वचेचंच रूप घेतो, फक्त त्यांनी त्वचा वेगळी निवडली.

आपल्या देशातलं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादचं. धुरात भाजून काळी कुळकुळीत केलेली भांडी, त्यावर टोकदार काडीनं कोरलेली वेलबुट्टी, आणि त्या रेघांत भरलेली रुपेरी पूड. बिदरी काम, म्हणजे काळ्या धातूत बसवलेली चांदीची नक्षी, जवळून पाहिलेल्या माणसाला पटकन तेच वाटतं, पण हात लावला की माती. 2015 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती रुपेरी पूड चांदीची नाही. पारा, जस्त आणि शिसं एकत्र करून ती करतात आणि रेघांत घासून भरतात. या कामाची कोरणी, तिचा नेमकेपणा मला अतिशय आवडतो, आणि ती पूड उघड्या बोटांनी चोळणाऱ्या कारागिरांसाठी कुणीतरी दुसरा धातू शोधून द्यायला हवा असंही तितक्याच तळमळीनं वाटतं. अशी भांडी घ्या, जरूर घ्या, पण शोभेसाठी. त्यात खाऊ-पिऊ नका.

बाबांनी पेढी बंद केली तेव्हा हत्यारांची पेटी माझ्याकडे आली. मूस, चिमटे, फुंकणी, कसोटीचा दगड, आणि अकिकाची ओपणी: लाकडी मुठीत बसवलेलं, कुत्र्याच्या दाताच्या आकाराचं, पाणी धरल्यासारखं गुळगुळीत दगडी टोक. कुपीतल्या सोन्याला तिची गरज नसते. पण द्रवरूप सोन्याचा दुसराही एक प्रकार मिळतो, ‘बर्निश गोल्ड’, ज्यात सोनं जास्त असतं आणि सोन्याची पूडही असते. ते भट्टीतून बाहेर येतं तेव्हा हळदीसारखं कोरडं, मातकट पिवळं दिसतं. मग त्यावर ओपणी चालवायची. बाबा शेजारी स्टुलावर बसतात. “दाबू नकोस, फिरव. एकाच दिशेला. दगड ओला ठेव.” पहिल्या काही फेऱ्यांत काहीच होत नाही. मग दगडाखाली एक अरुंद रेघ उजळते, तिच्या शेजारी दुसरी, आणि मधली कोरडी जागा हळूहळू भरत जाते. आवाज बदलतो, आधी खरखर येते ती थांबते. बाबा न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतात, “झालं इथलं, पुढे चल.” हे सोनं महाग पडतं आणि वेळ खातं, म्हणून वर्षाकाठी अगदी मोजकी भांडी करते. पण सालारजंगमधल्या जुन्या सोन्याच्या जवळ जाणारी चमक यातच येते.

आता सोनं कुठे लावायचं. माझं मत स्पष्ट आहे: थोडं आणि कारणानं. किटलीच्या झाकणाची गाठ, जिथे बोटं जातात. कानाचा जोड, जिथे माती मातीला चिकटवली. वाटीच्या पायाची कडा, जी फक्त वाटी उपडी घातल्यावर दिसते. चाकावर ओढताना राहिलेली बोटाची एखादी खूण, तीत भरलेली एकच रेघ. आख्खा कप सोन्याचा करून मागणारे खूप असतात. मी त्यांना आत-बाहेर सोनेरी केलेला नमुन्याचा कप हातात देते. त्यात चहा ओतला की चहाचा रंग मरतो, कप जड दिसतो, आणि माती कुठेच उरत नाही. बहुतेक जण स्वतःच म्हणतात, काठावरच करा. शिवाय आतल्या बाजूला, अन्नाला सतत लागेल असं, मी सोनं लावत नाही. शुद्ध सोनं निरुपद्रवी असतं, पण ते धरून ठेवणाऱ्या बाकी धातूंचा विचार करावा लागतो, म्हणून कुपीवर ती बनवणाऱ्या कंपनीनं अन्नाबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काठालाही लावत नाही. चांदी हवी म्हणणाऱ्यांना मी प्लॅटिनमचं द्रावण सुचवते. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, देव्हाऱ्यातली निरांजनं बघा. प्लॅटिनम पडत नाही.

फुटलेला कप सोन्यानं सांधून द्याल का, असंही विचारतात. त्यांच्या मनात फुटकी भांडी सांधायची जपानी रीत, किंत्सुगी, असते. पण किंत्सुगी म्हणजे सोन्यानं चिकटवणं नव्हे. चिकटवते ती उरुशी, एका झाडाचा लाखेसारखा चीक, जी दमट पेटीत आठवडेच्या आठवडे सावकाश पिकते, आणि सोन्याची पूड अगदी शेवटी वरून पेरतात. बाजारात किंत्सुगीच्या नावानं मिळणाऱ्या बऱ्याच किटमध्ये इपॉक्सी आणि पितळी रंगाची पूड असते. शोभेच्या वस्तूला चालेल, गरम चहाला नाही. मी ते काम करत नाही, आणि करते असं सांगून कुणाला द्यायचंही नाही.

दराबद्दल. ‘24 कॅरेट सोन्याचा कप’ अशी पाटी प्रदर्शनात दिसली की मी थांबून वाचते. त्यात खोटं काही नसतं, वापरलेलं सोनं शुद्धच असतं. पण विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच वजन उभं राहतं. माझ्या कपाबरोबरच्या चिठ्ठीवर मी लिहिते: काठावर सुमारे दोन मिलिग्रॅम सोनं. साध्या कपापेक्षा सोनेरी काठाचा कप महाग आहे तो तिसऱ्या भट्टीच्या विजेमुळे, निवडीत बाजूला पडलेल्या कपांमुळे, आणि एका फेरीत रेघ ओढणाऱ्या हातामुळे. एकदा एका काकूंनी चिठ्ठी वाचून विचारलं, “दोन मिलिग्रॅम तर काहीच नाही, मग एवढे पैसे?” मी त्यांना चाकाशी बसवलं, ब्रश दिला, जुन्या कपावर नुसत्या शाईनं रेघ ओढायला लावली. तीन-चारदा ओढून त्या म्हणाल्या, “चार द्या.”

वापरायचं कसं, तेही सांगून ठेवते, कारण बहुतेक सोनं आपल्या मोरीत मरतं. मायक्रोवेव्हमध्ये सोनेरी काठाचं भांडं कधीच ठेवायचं नाही, ठिणग्या उडतात आणि काठ करपतो. डिशवॉशर नको. काथ्या, राख, तांब्या-पितळेची पावडर, तारेची घासणी यांपैकी काहीही नको. हा पापुद्रा एका आठवड्यात जाईल. मऊ फडकं, साधा साबण, आणि हातानं धुणं. एकमेकांत कप रचताना मध्ये कागद किंवा कापडाचा तुकडा घाला.

आणि वापरून वापरून सोनं झिजलं, तर कप माळ्यावर टाकू नका. पुन्हा चढवता येतं. माझेच कप असले पाहिजेत असं नाही, जुने पोर्सलीनचेही चालतात, मात्र ग्लेझला बारीक तडे गेलेले नकोत, कारण वर्षानुवर्षं त्यांत पाणी मुरलेलं असतं आणि भट्टीत ते भांडं फोडू शकतं. आणण्याआधी कप आठवडाभर उन्हात वाळवा. सोनं सगळीकडचं काढायचं की झिजलेल्या जागीच भरायचं, ते आधी घरात ठरवून या. आमच्या त्या दोन कपांचं मी विचारलं तर बाबा नको म्हणाले, ते तसेच आहेत. आणि बशी असेल तर तीही बरोबर आणा, जुन्या सोन्याची छटा बघितल्याशिवाय नवं जुळवता येत नाही.